गहू सोडला, तरी पोट का दुखतं?

मागे याच कार्यक्रमात आपण सिलिॲक आजाराबद्दल बोललो होतो. गहू आणि जव यांच्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, आणि काही जणांच्या शरीराला ते शत्रू वाटतं, त्यातून आतड्याला इजा होते, असा तो आजार. त्या कार्यक्रमानंतर जे फोन आले, गटाच्या बैठका संपल्यावर ज्या बाया मागे थांबून बोलल्या, त्यांतल्या बहुतेकींचं म्हणणं एकच होतं. निदान झालं, गहू बंद केला, चार-सहा महिने झाले, आणि तरीही पोट फुगतं, मधूनच जुलाब होतात, अंगात त्राण नाही. मग हा वनवास कशासाठी? आज फक्त या एका प्रश्नावर बोलते.

प्रश्न साधा दिसतो, पण बाईच्या दृष्टीने त्यात बरंच काही अडकलेलं असतं. घरात एकीसाठी वेगळं पीठ, वेगळा डबा, लग्नात गेलं की तिचं वेगळं. पहिले दोन महिने घर सांभाळून घेतं. तिसऱ्या महिन्यात 'अजून बरी नाही का?' सुरू होतं. सहाव्या महिन्यात कुणी म्हणतं डॉक्टरच चुकला, कुणी म्हणतं हिची नाटकं आहेत. मग ती बाईच कंटाळून म्हणते, जाऊ दे, सगळ्यांसारखी चपाती खाते, व्हायचं ते होऊ दे. खरा धोका तिथे आहे. त्रास उरला म्हणजे पथ्य फुकट गेलं, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याला कारणं असतात, आणि त्यांतली बरीचशी शोधता येतात.

आधी आत काय झालेलं असतं ते बघू. आपल्या लहान आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखी बारीक लव असते. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, सगळं ही लव शोषून घेते. सिलिॲकमध्ये ही लव झडून आतडं सपाट होतं. म्हणून मग कितीही खा, अंगाला लागत नाही, आणि लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही रक्त वाढत नाही. ग्लूटेन बंद केलं की लव परत यायला लागते, पण ती एका रात्रीत येत नाही. लहान मुलांत लवकर येते. मोठ्या माणसांत दोन वर्षंही लागतात, कधी त्याहून जास्त. जुलाब बऱ्याच जणींचे काही आठवड्यांत कमी होतात, थकवा मात्र रेंगाळतो. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येण्याचा प्रकार याच आजारात असतो, तेही जायला महिनेन्‌महिने घेतात. तेव्हा तीन-चार महिन्यांत पूर्ण बरं वाटलं नाही, तर घाबरू नका आणि हिशेब बंद करू नका.

पण सहा महिने, वर्ष झालं आणि फरकच नाही, किंवा होता तो फरक थांबला, तर मात्र शोधायला बसायचं. डॉक्टर सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासतात, आणि बहुतेक वेळा तीच सापडते. ती म्हणजे कुठूनतरी ग्लूटेन पोटात जातंय. मुद्दाम कुणी खात नसतं, पण जातंय.

किती गेलं तर बाधतं? दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेन रोज जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असं तपासून बघितलेलं आहे. एका चपातीत दोन-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे एका चपातीचे पन्नास-साठ तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा. आता सांगा, तेवढं पीठ आपल्या स्वयंपाकघरात कुठे नसतं?

आमच्याच गटातल्या एकीचं सांगते. तिने सांगायला परवानगी दिली आहे, नाव तेवढं घेत नाही. वय चौतीस. रक्त सात ग्रॅमवर आलेलं, दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला, निदान पक्कं झालं. तिने चपाती त्या दिवशीच बंद केली, बिस्किट बंद, रव्याचा शिरा बंद. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आजार दाखवणारा आकडा जेमतेम खाली आलेला. घरात कुरकुर सुरू झाली होती. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो, तिच्या सासूबाईंना सोबत घेतलं आणि स्वयंपाकघरात एकेक डबा उघडत बसलो.

पहिली सापडली ती हिंगाची डबी. नुसता हिंग फार उग्र असतो, म्हणून विकायच्या हिंगात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. तिची सातवीतली मुलगी डबीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचत होती. 'व्हीट फ्लोअर' म्हणाली आणि सगळ्या गप्प झाल्या. दोन्ही वेळच्या वरणाला, भाजीला तोच हिंग. चिमूटच असते, मान्य, पण रोजची. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, पाकिटावर बघून घ्यायचा. नाहीतर हिंगाशिवाय जिरं-लसणाची फोडणी काही वाईट लागत नाही.

मग मेतकूट. त्यात डाळी-तांदळाबरोबर थोडा गहू भाजून घालायची पद्धत आहे. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. तिला वाटत होतं, भाजणी म्हणजे ज्वारी-बाजरीच. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच, पण त्या पांढऱ्या दिसतात म्हणून लक्षात येत नाही. सातूचं पीठ, लापशी, शेवया हे वेगळं सांगायला नको. आणि एक डबा होता शक्तीच्या पावडरीचा, दुधात घालून प्यायचा. अशक्त आहे म्हणून भावाने प्रेमाने आणून दिलेला. त्यावर 'माल्ट' लिहिलेलं. माल्ट बहुतेक वेळा जवापासून करतात. म्हणजे जिला ताकद यावी म्हणून दिलं, तिचंच आतडं त्याने सोलून निघत होतं.

इथे एक आणखी सांगते, कारण आपल्या सातारा-सांगली भागात हा समज फार आहे. खपली गहू चालतो, तो जुना आहे, देशी आहे, पचायला हलका आहे, असं सांगणारे भेटतील. सिलिॲक असेल तर खपलीही चालत नाही. तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सेंद्रिय असो, घरच्या शेतातला असो, गव्हाचा गुण तोच.

डबे झाले, मग सवयींकडे वळलो. परात एकच. आधी कणीक मळायची, परात कोरड्या फडक्याने पुसायची आणि त्यातच भाकरीचं पीठ घ्यायचं. तव्यावर आधी घरच्यांच्या चपात्या, शेवटी हिची भाकरी. बऱ्याच जणींना वाटतं तव्यावर भाजलं, तेलात तळलं की ग्लूटेन मरतं. मरत नाही, ते काही जंतू नव्हे. उकळा, भाजा, ते तिथेच राहतं. पण साबण-पाण्याने भांडं नीट घासलं की धुऊन जातं, तेव्हा स्टीलच्या भांड्यांची फार धास्ती नको. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत मात्र पीठ बसतं, ती वेगळी ठेवा. परात वेगळी करता आली तर उत्तम. नाही जमलं तर क्रम उलटा करा, धुतलेल्या परातीत आधी भाकरी, धुतलेल्या तव्यावर आधी भाकरी, चपात्या नंतर. यात खर्च शून्य आहे. तळणाचं तसंच. पुऱ्या, शंकरपाळे तळलेल्या तेलात साबुदाणावडा तळला, तर तो वडा तिच्यासाठी राहिला नाही. मासे तळताना रवा लावायची सवय असेल तर तांदळाचं पीठ लावा.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. सात माणसांची कणीक तीच मळत होती. पीठ चाळायचं, मळायचं, लाटताना पिठी लावायची. ते पीठ हवेत उडतं, नाका-तोंडातून पोटात जातं, नखांत बसतं. घरात आजारी तीच आणि गव्हाचं काम तिच्याच गळ्यात. हे बोलायला आम्हालाही अवघड गेलं, कारण सुनेने चपात्या करायच्या नाहीत म्हणजे काय, हा प्रश्न येणारच होता. सासूबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आमच्या लहानपणी चपाती सणाला व्हायची. रोज भाकरीच होती, कोण मेलं नाही.' दुसऱ्या आठवड्यापासून त्या घरात सगळ्यांनाच एक वेळ भाकरी झाली आणि संध्याकाळच्या चपात्या सासूबाई आणि धाकटा दीर करू लागले. दिराच्या चपात्यांचा आकार अजून कोणत्याच नकाशात बसत नाही, पण पोट भरतं.

आता गिरणीचं. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. आपण ज्वारी निवडून, पाखडून दळायला टाकतो. त्याआधी त्याच जात्यातून कुणाचा तरी दहा किलो गहू निघालेला असतो. गिरणीवाला वरच्यावर झाडतो, पण आत पाळूंमध्ये, पिठाच्या पिशवीत गहू राहतोच. आपल्या ज्वारीचं पहिलं पीठ म्हणजे ज्वारी अधिक गहू. सकाळी पहिलं दळण आपलं टाका, आधी किलोभर तांदूळ काढून टाका, असे उपाय लोक सांगतात. त्याने प्रमाण कमी होतं, पण शून्य होत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे घरचं जातं, मिक्सर किंवा वेगळी घरघंटी. एकटीला घरघंटी परवडत नाही, म्हणून आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून एक घेतली. नियम एकच, यात गहू टाकायचा नाही आणि भाजणीही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी एवढंच. तिच्या एकटीसाठी घेतलेली ही चक्की आता शेजारच्या दोन गावांतल्या बायाही वापरतात. दळणाचे पैसे येतात, हप्ता निघतो. बाजारची ज्वारी मात्र निवडूनच टाकायची, कारण पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात.

विकतच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पाकिटावर घटक लिहिणं आणि त्यात गहू किंवा ग्लूटेनचं धान्य असेल तर तसं सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. मैदा, व्हीट, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली म्हणजे जव, आणि माल्ट, एवढे शब्द ओळखायला शिका. सोया सॉसमध्येही गहू असतो, म्हणून गाड्यावरचं चायनीज नको. ओट्समध्ये गव्हाची भेसळ फार, म्हणून सुरुवातीला दूरच ठेवा. महागडं ग्लूटेन फ्री पीठ घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. आपली भाकरी आहे, भात आहे, पोहे आहेत. उपासाचं ताट तर जवळपास सगळंच चालतं, वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. पीठ कुठे दळलं तेवढं विचारा.

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. नाही म्हणायचं कसं, हा प्रश्न मला डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा विचारला गेला असेल. हातात घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्या पोराच्या हातावर ठेवा. केळ्याचा तुकडा खा. देव रागावत नाही, आणि रागावल्या तर बाया रागावतात, त्यांना आजाराचं नाव सांगा.

एवढं सगळं करूनही त्रास उरतो का? उरतो. आमच्या मैत्रिणीचा पुढच्या सहा महिन्यांत आकडा झपाट्याने खाली आला, रक्त अकरावर गेलं, पण चहा प्याला की पोट फुगायचंच. याचं कारण दूध. दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या त्या लवेच्या टोकांवर तयार होतो. लवच झडलेली, तर दूध पचणार कसं? दोन आठवडे दूध बंद करून बघायचं, बरं वाटलं तर काही महिने कमी ठेवायचं. दही-ताक बहुतेकींना चालतं. लव भरून आली की दूधही परत चालू लागतं, म्हणून ते कायमचं तोडू नका, हाडांना कॅल्शियम हवंच. नाचणी, तीळ यांचा आधार घ्या.

काहींना उलट बद्धकोष्ठ होतं. गहू सोडला आणि तिन्ही त्रिकाळ भात-साबुदाणा धरला, तर चोथा जाणार कुठून? भाकरी, डाळी, पालेभाजी हळूहळू वाढवा. एकदम वाढवलं तर गॅस होतो, मग पुन्हा सिलिॲकच्या नावाने बोंब.

थकव्याचं म्हणाल तर तो बऱ्याचदा कमतरतेचा असतो. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, हे सगळं तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि थायरॉइड. सिलिॲक असलेल्यांमध्ये थायरॉइडचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, कारण दोन्हींत शरीर स्वतःवरच उलटलेलं असतं. आमच्या मैत्रिणीचं तेच निघालं. गोळी सुरू झाली, आणि दुपारी आडवं पडल्याशिवाय उभं न राहणारं शरीर हळूहळू उभं राहिलं. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. महिन्यातले दोन-चार दिवस अजून वाईट जातात. पण आता तिला कारण शोधता येतं.

डॉक्टर आणखीही काही बघतात. पोटात जंत किंवा जिआर्डियासारखे परजीवी आहेत का, आतड्याचा क्षय तर नाही ना, आतडं संवेदनशील झालंय का, लहान आतड्यात जंतूंची वाढ झाली आहे का. आपल्याकडे दूषित पाणी आणि क्षयरोग दोन्ही असल्यामुळे पहिलं निदान पुन्हा पडताळून बघणंही चूक नाही. वर्षभर कडक पथ्य पाळून, सगळं तपासून, तरीही आतडं भरून येत नाही, असा एक प्रकार असतो, पण तो फार दुर्मीळ. त्याच्यासाठी पोटाच्या तज्ज्ञांकडेच जावं लागतं.

डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. वहीत पंधरा दिवस लिहा, काय खाल्लं, कुणाकडे खाल्लं, कधी त्रास झाला. 'पोट दुखतं' एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. रक्ताची तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. आकडा वरच असेल तर ग्लूटेन जातंय, पुन्हा डबे उघडायचे. आकडा खाली आला आणि त्रास आहे, तर दुसरं कारण शोधायचं. आकडा चांगला आला म्हणून आतडं पूर्ण भरलं असंही नाही, त्यामुळे पथ्य सोडायचं नाही. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप येत असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

ज्यांना फक्त शंका आहे, त्यांनी तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला की तपासणीत आजार लपतो. आणि घरात एकीला निघाला असेल तर तिची मुलं, भावंडं, आई-वडील यांचं रक्त तपासून घ्या, जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला तो असतो, पोट न दुखताही असतो.

हा शोध कसा लागला तेही ऐका. नेदरलँडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना. सगळी मुलं वाळत असताना त्यांच्या दवाखान्यातली ही पोटाची मुलं मात्र सुधारत होती. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता, १९५०मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला.

शेवटी एकीने फोनवर विचारलेलं सांगते. 'ताई, दिवाळीत एक करंजी खाल्ली तर?' एका करंजीने कुणी मरत नाही, आणि चुकून खाल्ली गेली तर रडत बसू नका, पुढच्या घासापासून पथ्य चालू. पण मुद्दाम खाऊ नका. त्रास झाला नाही म्हणून आत इजा झाली नाही, असं नसतं. दिवाळीत बेसनाचे लाडू आहेत, पोह्यांचा चिवडा आहे, अनारसे आहेत. बेसन विकतचं असेल तर पाकीट वाचा, घरचं असेल तर आपल्या चक्कीवर दळा. अनारशाचे तांदूळ ओलसर असतात, ते चक्कीत टाकू नका, मिक्सरला वाटा आणि बारीक चाळणीने चाळा. चाळणी नवी घ्या, कणकेची नको.